पहिल्या रिव्हेटआधी

आंरी मिन्ये या फ्रेंच उड्डाणवेड्याने १९३३ च्या सप्टेंबरात स्वतः बांधलेले एक चिमुकले विमान उडवले आणि पुढच्याच वर्षी ते कसे बांधायचे याचे पुस्तक काढले. विमानाचे नाव ‘पू द्यु सिएल’; ब्रिटनमध्ये ते ‘फ्लाइंग फ्ली’ म्हणून गाजले. लाकडाच्या पट्ट्या, प्लायवूड, कापड, सुताराची नेहमीची हत्यारे आणि मोटारसायकलच्या जातीचे छोटे इंजिन, एवढ्यावर माणूस उडू शकतो, असा त्या पुस्तकाचा दावा होता आणि तो खोटा नव्हता. फ्रान्स-ब्रिटनमधल्या कितीतरी घरांत, गोदामांत, गॅरेजांत ही विमाने उभी राहू लागली. मग १९३५-३६ मध्ये ती सूर मारून जमिनीवर आदळू लागली आणि माणसे मरू लागली.

शेवटी फ्रान्समध्ये शाले-म्यूदाँ येथे आणि इंग्लंडमध्ये फार्नबरो येथे अख्खे विमान वातबोगद्यात ठेवून तपासले गेले. या विमानाला एकामागे एक असे दोन पंख. पुढचा पंख झुलता. काठी मागे ओढली की त्याचा कोन वाढायचा आणि नाक वर यायचे. मात्र ठरावीक मर्यादेपलीकडे नाक खाली गेले, की गणित उलटे व्हायचे. पुढच्या पंखाची मागची कड आणि मागच्या पंखाची पुढची कड यांमधल्या अरुंद फटीतून हवा वेगाने निसटायची, मागच्या पंखाची उचल वाढायची, शेपूट वर जायची आणि नाक आणखी खाली दबायचे. घाबरलेला वैमानिक काठी जितकी मागे ओढेल, तितका सूर तीव्र व्हायचा. दोष सुतारकामात नव्हता, नकाशात होता. ज्याने नकाशाबरहुकूम, मन लावून काम केले, त्याने तो दोषही तितक्याच इमानाने बांधला.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. ही म्हण खरी ठरायला एक अट आहे: ठेच लागल्याची खबर मागच्यापर्यंत वेळेवर पोहोचायला हवी. फ्लाइंग फ्लीच्या काळात हौशी विमानांसाठी अशी खबर गोळा करून मांडणारी व्यवस्था रुजलेली नव्हती. आज ती आहे. अपघातांचे अहवाल आहेत, कारखान्यांची सर्व्हिस बुलेटिने आहेत, हौशी वैमानिकांच्या संघटनांनी नमुन्यागणिक तयार केलेली तांत्रिक पत्रके आहेत. तरीही विमान बांधायला निघालेला माणूस आधी रूप पाहतो, मग किंमत, मग बांधायला किती तास लागतील ते. नोंदी पाहिल्याच, तर बहुधा आगाऊ रक्कम भरून झाल्यावर. तोवर मन त्या विमानात गुंतलेले असते आणि डोळे सोयीचे तेवढेच टिपतात.

हा क्रम उलटा करावा, एवढेच या पुस्तकाचे म्हणणे आहे. विमान कसे बांधावे हे यात नाही. त्यासाठी नकाशे आहेत, पुस्तिका आहेत, जाणते कारागीर आहेत. कोणते विमान बांधायला घ्यावे, कोणते घेऊ नये आणि जे घ्यायचे त्यात पहिला रिव्हेट ठोकण्याआधी काय तपासावे, हे नोंदींतून कसे काढायचे, तेवढाच आपला विषय.

नोंदी वाचताना पहिला चकवा बसतो तो त्यांच्या अभावाचा. अमेरिकेत १९८२ मध्ये अल्ट्रालाइटसाठी ‘पार्ट १०३’ हा नियम आला. रिकामे वजन २५४ पौंडांहून, म्हणजे सुमारे ११५ किलोंहून कमी. बसायला एकच जागा. टाकीत जास्तीत जास्त पाच गॅलन, म्हणजे १९ लिटर इंधन. सरळ उड्डाणात कमाल वेग ५५ नॉट. या चौकटीत बसणाऱ्या इंजिनाच्या अल्ट्रालाइटला विमान म्हणून नोंदणी लागत नाही, उड्डाणयोग्यतेचा दाखला लागत नाही, चालवणाऱ्याला परवानाही लागत नाही. हौशी माणसाला याहून मोठी मोकळीक कुठली? पण ज्याची नोंदणी नाही त्याच्या अपघाताची मोजदादही धड होत नाही. अमेरिकेतल्या वाहतूक अपघातांची चौकशी करणारे ‘एनटीएसबी’ हे मंडळ अशा यंत्रांच्या अपघातांत सहसा शिरत नाही. शेतात पडलेल्या अल्ट्रालाइटची बातमी फार तर स्थानिक पत्रात येते आणि तिथेच विरते.

त्यामुळे दोन नमुने शेजारी ठेवून एकाच्या नावावर वीस अहवाल आणि दुसऱ्याच्या नावावर एकही नाही असे दिसले, तर दुसरा सुरक्षित असे समजणे धोक्याचे आहे. पहिल्या नमुन्याची शेकडो विमाने नोंदणीसह उडत असतील आणि त्याची प्रत्येक पडझड कागदावर आली असेल. दुसऱ्याची मोजकीच बांधली गेली असतील, किंवा बरीच बांधली जाऊनही कोणी टिपून ठेवले नसेल. कोरा कागद ही स्वच्छ चारित्र्याची ग्वाही होत नाही. तीच गोष्ट बुलेटिनांची. एखाद्या कारखान्याने तीस वर्षांत चाळीस बुलेटिने काढली असतील, तर हे विमान फारच सदोष दिसते, असे नवख्याला वाटते. जाणत्याला त्यात उलट दिलासा दिसतो: तक्रार पोहोचते, कोणीतरी ती तपासते, उपाय काढते आणि सर्वांना कळवते. ज्या कारखान्याने तेवढ्याच काळात एकही बुलेटिन काढलेले नाही, त्याच्या विमानांना कधी तडाच गेला नाही, यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

दुसरा चकवा आकड्यांचा. अपघात किती झाले हे कळते. विमाने किती तास उडाली हे बहुधा कळत नाही. छेद नसलेल्या अंशाचा भाव कोण ठरवणार? तरी मोठ्या चित्रासाठी काही आकडे उपयोगी पडतात. एनटीएसबीने हौशी बांधणीच्या विमानांचा स्वतंत्र अभ्यास करून २०१२ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यानुसार अमेरिकेतल्या सर्वसाधारण विमानताफ्यात अशी विमाने सुमारे १० टक्के होती. २०११ मधल्या एकूण अपघातांत त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के आणि जीवघेण्या अपघातांत २१ टक्के होता. इंजिन-यंत्रणा बंद पडणे आणि विमानावरचा ताबा सुटणे, ही त्यांतली ठळक कारणे. त्याच वर्षी अपघात झालेल्या हौशी विमानांपैकी निम्म्याहून अधिक विमाने मालकाने स्वतः बांधलेली नव्हती, दुसऱ्याकडून विकत घेतलेली होती. वापरलेले विमान स्वस्तात मिळते म्हणून उचलणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावे.

आकड्यांनी सावध व्हायचे, शिकायचे मात्र एकेका प्रकरणातून. त्या दृष्टीने ‘झोडियाक सीएच-६०१ एक्सएल’ हे दोन आसनी विमान मुळातून अभ्यासण्यासारखे आहे. ख्रिस हाइन्झ यांनी रचलेले, पत्र्याचे, देखणे, किटमधून बांधता येणारे. वजनाने अमेरिकी अल्ट्रालाइटच्या वरचे, पण त्याच हौशी माणसांच्या आवडीचे. २००६ पासून या नमुन्याची विमाने हवेतच मोडू लागली. एप्रिल २००९ मध्ये एनटीएसबीने अशा सहा घटना आणि दहा मृत्यू समोर ठेवून, फ्लटरपासून पुरेसे संरक्षण आहे हे सिद्ध होईपर्यंत ही विमाने जमिनीवरच ठेवा, अशी तातडीची शिफारस केली. ब्रिटनच्या लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनने त्याच्या आदल्या वर्षीच आपल्याकडची विमाने थांबवली होती.

फ्लटर म्हणजे पंखाची आणि त्याच्या मागच्या कडेला हलणाऱ्या एलरॉनची एकमेकांना चिथावत वाढणारी थरथर. एलरॉनचे वजन बिजागरीच्या मागे असते. पंख झटक्याने वर गेला की एलरॉन मागे रेंगाळते. त्या रेंगाळण्यामुळे पंखावरची उचल बदलते आणि पुढचा झटका आधीच्याहून मोठा बसतो. वेग पुरेसा असेल, तर काही क्षणांत पंख तुटू शकतो. यावरचा जुना उपाय म्हणजे बिजागरीच्या पुढे प्रतिभार बसवून एलरॉनचे वजन तोलून धरणे. झोडियाकच्या एलरॉनला असा प्रतिभार नव्हता. एलरॉन हलवणाऱ्या तारा योग्य ताणाच्या असतील तर फ्लटर होत नाही, ही रचनाकारांची बाजू होती. म्हणजे सगळी भिस्त, बांधणाऱ्याने तारा किती ताणल्या आणि वर्षभरात त्या किती सैल पडल्या, यावर. पुढे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, केलेल्या फेरतपासणीत एकच एक मूळ कारण निघाले नाही. पंखाची ताकद आणि त्यावर येणाऱ्या भाराचे हिशेब, फ्लटर, काठीवर जाणवणारा अपुरा जोर, वेगमापकाची अचूकता, असे बरेच धागे निघाले. २००९ च्या नोव्हेंबरात दुरुस्त्यांचा संच ठरला; त्यात पंखाची मजबुती होती आणि एलरॉनचे प्रतिभारही.

समजा, २००७ मध्ये कोणी हे किट घ्यायला निघाला असता. त्याला फार तर एक-दोन अहवाल सापडले असते आणि त्यांवरून निकाल देता आला नसता. पण अहवाल आणि नकाशा शेजारी ठेवून त्याने एक प्रश्न नक्की विचारला असता: पंख हवेत मोडला असे इथे लिहिले आहे, आणि या नकाशात एलरॉनचा प्रतिभार दिसत नाही, फ्लटरची चाचणी झाली आहे का, कोणत्या वेगापर्यंत झाली, आणि तिचा कागद मला पाहायला मिळेल का? नोंदी वाचण्याचा मुख्य फायदा हाच. उत्तर हाती नसले, तरी विचारायचा प्रश्न हाती येतो, आणि किट विकणारा त्या प्रश्नाला कसा सामोरा जातो यावरूनही बरेच कळते.

इथे नमुन्याचे नाव अक्षरासकट पाहण्याची सवय लावून घ्यावी. ६०१ एक्सएलचा पंख हा आधीच्या ६०१ एचडीचा पंख नव्हे. आपल्याकडे एनसीसीच्या हवाई शाखेतले छात्र ज्यावर उडायला शिकले, ते ‘झेनएअर सीएच-७०१’ हे त्याच हाइन्झ यांचे विमान, पण रचना वेगळी. एकाचे पाप दुसऱ्याच्या खात्यावर मांडू नये आणि एकाचे पुण्यही.

अहवाल वाचण्याची एक रीत आहे. शेवटी दिलेले ‘संभाव्य कारण’ वाचून पान मिटू नये. हलक्या विमानांच्या कितीतरी अहवालांत शेवटी, वैमानिकाने पुरेसा वेग राखला नाही, अशा अर्थाचा निष्कर्ष असतो. तो खोटा नसतो, पण घटनांच्या साखळीची ती शेवटची कडी असते. मागे जात राहिले तर दिसते, की टेकऑफनंतर दोनशे फुटांवर इंजिन थांबले होते. अल्ट्रालाइटला हवेचा अडथळा मोठा आणि वजन कमी. इंजिन थांबताच वेग दोन-तीन सेकंदांत ओसरतो, आणि नाक तत्क्षणी खाली घातले नाही तर विमान स्टॉल होते, म्हणजे पंखाची उचल कोसळते. आणखी मागे गेलात तर इंजिन का थांबले ते दिसते: इंधनाच्या नळीत हवा, फिल्टरमध्ये कचरा, किंवा टाकीचे हवेचे छिद्र बुजलेले. बांधणाऱ्याच्या कामाची कडी ती. वैमानिकाची चूक म्हणून फायलीत गेलेला अपघात पुष्कळदा वर्कशॉपच्या ओट्यावर सुरू झालेला असतो.

म्हणून अहवालांतले प्रसंग स्वतःच्या वहीत वेगळ्या रकान्यांत मांडावेत: सांगाडा, नियंत्रणे, इंधन, इंजिन, पंखा, चाके, हवामान, वैमानिक. दहा-पंधरा अहवालांनंतर एखादा रकाना इतरांपेक्षा लांब दिसू लागतो. तीच त्या नमुन्याची खोड. चाकांचा रकाना लांब असेल, तर दुरुस्ती आणि मनस्ताप यांवर निभावते. सांगाड्याच्या रकान्यात दोनच ओळी असल्या, तरी तिथे थांबून विचार करावा, कारण हवेत पंख मोडल्यावर कौशल्याला करण्यासारखे काही उरत नाही.

इंजिनाची चौकशी स्वतंत्रपणे करावी लागते. एकच इंजिन पन्नास प्रकारच्या विमानांवर बसते, त्यामुळे त्याचे दोष विमानाच्या नावाखाली शोधून सापडत नाहीत. वर्षानुवर्षे असंख्य अल्ट्रालाइट ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीच्या टू-स्ट्रोक इंजिनांवर उडाले. हे इंजिन कधीही अचानक थांबू शकते, हे धरूनच उडा, असा इशारा कंपनीच्याच पुस्तिकेत आहे. रोटॅक्स ५०३ साठी ओव्हरहॉलची मर्यादा ३०० तासांची. त्याचे उत्पादन आता बंद आहे. म्हणजे आज मिळेल ते इंजिन एकतर वापरलेले असेल, नाहीतर वर्षानुवर्षे खोक्यात पडून राहिलेले. त्याची बुलेटिने क्रमांकासह काढून, आपल्या हातातल्या इंजिनाच्या क्रमांकाशी ताडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

बुलेटिन वाचून हाताने काय करायचे असते, याचा एक नमुना. रोटॅक्स ९१२ जातीच्या बऱ्याच फोर-स्ट्रोक इंजिनांना बिंग कंपनीचे दोन कार्ब्युरेटर असतात. प्रत्येकाच्या वाटीत दोन छोटे काळे फ्लोट पेट्रोलवर तरंगतात. वाटी भरली की ते वर येतात आणि सुईची झडप बंद करतात. काही फ्लोट पेट्रोल शोषून जड होतात, असे आढळले. जड झालेला फ्लोट बुडतो, झडप उघडीच राहते, वाटी ओसंडते, मिश्रण घट्ट होते आणि इंजिन अडखळू लागते. डोळ्यांना फ्लोट जसाच्या तसा दिसतो. म्हणून कंपनीने वजनाची मर्यादा दिली: एका कार्ब्युरेटरचे दोन्ही फ्लोट मिळून सात ग्रॅमपेक्षा जास्त भरता कामा नयेत. वाटी उघडायची, फ्लोट पुसून सराफी काट्यावर ठेवायचे आणि आकडा वहीत तारखेसह लिहायचा. पाच मिनिटांचे काम. ते करायचे असते हे कळण्यासाठी मात्र बुलेटिन वाचलेले असावे लागते.

दोष नेहमी जुन्या सामानातच असतो असेही नाही. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीची किटे हौशी बांधणीत जगात सर्वाधिक खपणाऱ्यांत मोडतात. मागणी वाढल्यावर काही सुट्या भागांची रिव्हेटची भोके लेझरने कापून घेतली गेली. लेझर जिथून कापायला सुरुवात करतो आणि जिथे संपवतो, तिथे भोकाच्या कडेला बारीकशी खाच राहिली. बांधणारे रिव्हेटचे डोके पत्र्यात बसावे म्हणून भोकाभोवती खळगा पाडू लागले, तसा त्या खाचेपासून तडा निघू लागला. तडे बांधणाऱ्यांनीच पाहिले, आणि २०२३ मध्ये हे प्रकरण चव्हाट्यावर आले. कंपनीने चाचण्या केल्या, भाग बदलून देण्याचे ठरवले. इतर अडचणींत हा भार पडला आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिला दिवाळखोरीच्या कायद्याचे संरक्षण मागावे लागले. पुढच्या वर्षी ती त्यातून सावरली. यात बांधणाऱ्यासाठी दोन धडे आहेत. नावाजलेल्या कंपनीचे खोकेही भिंग घेऊन उघडायचे. आणि कोणता भाग कोणत्या तारखेला आला, त्यावर कोणता क्रमांक होता, याची यादी पहिल्या दिवसापासून ठेवायची. नाहीतर उद्या बुलेटिन आले, तर आपला पंख त्यात बसतो की नाही हेसुद्धा सांगता येणार नाही.

नमुना चोख, इंजिन ठीक, भाग निर्दोष, तरी एक गोष्ट उरते: ते एक विशिष्ट विमान नकाशापासून कुठे सरकले आहे का? गायक जॉन डेन्व्हर यांचा १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत झालेला मृत्यू या प्रश्नाशी येऊन थांबतो. बर्ट रुटान यांच्या ‘लाँग-ईझेड’ या नावाजलेल्या रचनेचे ते विमान दुसऱ्याच हौशी माणसाने बांधलेले होते आणि डेन्व्हर यांच्या ताब्यात ते नुकतेच आले होते. रुटान यांच्या नकाशात एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर जाण्याचा इंधनाचा खटका वैमानिकाच्या पायांमध्ये, सहज हाताला येईल असा होता. इंधनाच्या नळ्या कॉकपिटमध्ये नकोत, या विचाराने बांधणाऱ्याने तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागच्या भिंतीवर नेला. हेतू चांगला होता. पण खटका फिरवायला वैमानिकाला मागे वळावे लागे आणि वळताना उजव्या पायाचा रडरवर दाब पडण्याची शक्यता असे. इंधन किती उरले ते दाखवणाऱ्या काचाही मागच्या बाजूला होत्या. उड्डाणाआधी तिथल्या तंत्रज्ञाशी या खटक्याच्या अडचणीबद्दल बोलणे झाले होते. लांबून पकडता यावा म्हणून पक्कड लावून पाहिली गेली, ती उपयोगी पडली नाही. इंधन न भरता विमान निघाले आणि काही वेळातच समुद्रात कोसळले.

लाँग-ईझेडच्या कोणत्याही नोंदीत हा दोष सापडला नसता, कारण तो त्या नमुन्याचा नव्हताच. त्या एका विमानाचा होता. वापरलेले विमान किंवा अर्धवट किट घेणाऱ्याने म्हणून तीन कागद एकत्र ठेवावेत: नकाशाची ताजी आवृत्ती, बांधणाऱ्याची वही आणि आजवर निघालेली बुलेटिने. त्यांतला बांधणाऱ्याचा कागदच नसेल, तर किंमत कितीही कमी असो, व्यवहार महागच पडतो. आणि स्वतः बांधत असाल, तर नकाशापासून सरकण्याआधी स्वतःला विचारावे: ही सुधारणा मूळ रचनाकाराला सुचली नसेल का? सुचली असेल, तर त्याने ती का केली नाही?

आता आपल्या अंगणाकडे. भारतात मायक्रोलाइटलाही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, नोंदणी लागते, शेपटीवर ‘व्हीटी’ने सुरू होणारी अक्षरे लागतात, चालवणाऱ्याला परवाना लागतो. घरी बांधलेल्या विमानांची परंपरा मात्र अगदी तुरळक. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभारले. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते मुंबईकरांनी पाहिले आणि २०१७ मध्ये त्याला नोंदणी मिळाली. ते अल्ट्रालाइट नव्हे. पण एका विमानाच्या नोंदणीसाठीही झगडावे लागत असेल, तर घरगुती विमानांच्या दोषांची देशी नोंदवही भरायला वेळ लागणार, हे उघड आहे. तोवर परक्यांच्या नोंदी वाचणे भाग आहे. गंमत अशी, की कधी कधी आपल्याच मालाची माहिती बाहेर अधिक तपशिलात मिळते. बंगळुरूच्या राजहंस अल्ट्रालाइट्सने बनवलेले ‘एक्स-एअर’ ब्रिटनमध्ये हौशी बांधणीचे किट म्हणून गेले, आणि तिथल्या मायक्रोलाइट संघटनेने त्याच्या मर्यादा, सक्तीच्या दुरुस्त्या आणि तपासायच्या जागा पत्रकात मांडून ठेवल्या.

मात्र परकी नोंद जशीच्या तशी दख्खनमध्ये लागू होत नाही. इंग्लंडच्या पंधरा अंशांत दिमाखात चढणारे विमान पुण्यात मे महिन्यात आणून पाहा. लोहगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९४० फुटांवर. पारा चाळिशीला टेकला की तिथली हवा पंखाला, पंख्याला आणि इंजिनाला सुमारे ५,४०० फुटांवरच्या हवेसारखी विरळ लागते. पुस्तिकेत छापलेले धावपट्टीचे अंतर आणि चढण्याचा वेग, दोन्ही तिथे खोटे पडतात. अल्ट्रालाइटच्या पंखावरचे पॉलिस्टरचे कापड उन्हातल्या अतिनील किरणांनी कुजते. बाहेरून रंग टवटवीत असला तरी धागा जीर्ण झालेला असतो. त्यासाठी कापडात ठरावीक जाडीची सुई टोचून ती स्प्रिंगकाट्याने ओढून पाहण्याची चाचणी आहे. तिच्या तारखा, विमान वर्षातून किती दिवस झाकलेले असते हे पाहून, आपल्या उन्हासाठी अलीकडे ओढून घ्याव्या लागतील. कोकणपट्टीत खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. ॲल्युमिनियमच्या नळीत जिथे पोलादी बोल्ट जातो, तिथे दोन धातूंच्या सांध्यात गंज आधी धरतो, आणि तो बोल्ट काढल्याशिवाय दिसत नाही. परक्या अहवालात जिथे गंज हा शब्द एकदा आला असेल, तिथे आपण तो अधोरेखित करून ठेवावा.

पुढच्या प्रकरणांची मांडणी याच क्रमाने आहे: आधी नमुन्याच्या नोंदी, मग इंजिनाच्या, मग सुट्या भागांच्या, मग त्या एका विमानाच्या, आणि शेवटी आपल्या हवेचा आणि मातीचा हिशेब. प्रत्येक प्रकरणाअखेरी रिकामे तक्ते आहेत. ते सुबक राहावेत म्हणून छापलेले नाहीत. पेन्सिलीने भरा, खोडा, पुन्हा भरा.

या वाचनातून सुरक्षिततेची हमी मिळत नाही. सगळ्या नोंदी वाचूनही चुकीचा वेग, चुकीचे हवामान किंवा फाजील आत्मविश्वास माणसाला खाली आणू शकतो. वाचनाने एवढेच होते, की ज्या चुकीची किंमत कोणीतरी आधीच मोजली आहे, ती आपण पुन्हा मोजत नाही. माझा सल्ला म्हणून सरळ आहे. ज्या विमानाची बुलेटिने मिळत नाहीत, ज्याच्या ताकदीच्या चाचणीचा कागद विक्रेता दाखवत नाही आणि जे बांधून किमान काही वर्षे उडवलेला एकही माणूस बोलायला सापडत नाही, ते कितीही देखणे आणि स्वस्त असो, बांधायला घेऊ नका.

आणि एक मागणे. तुमच्या विमानात उद्या तडा सापडला, बोल्ट झिजलेला दिसला, फ्लोट सात ग्रॅमच्या वर भरला, तर तो मुकाट्याने बदलून गप्प बसू नका. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही. भागाचा क्रमांक, उड्डाणाचे तास, तारीख आणि एक स्पष्ट छायाचित्र, एवढे कारखान्याला आणि तुमच्यासारखे विमान बांधणाऱ्या दुसऱ्याला कळवा. तुम्ही वाचलेली प्रत्येक नोंद कोणीतरी असेच लिहून कळवलेली होती.